साथीचे आजार: कसे पसरतात, कुठे अडवायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला की उपकेंद्रात, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आणि शाळेच्या पालकसभेत ठरावीक प्रश्न येतात. त्यातले कामाचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. भर महाराष्ट्र आणि गोव्यात दिसणाऱ्या आजारांवर आहे. औषधांचे उल्लेख माहितीसाठी आहेत. गोळी कोणती आणि किती, हे तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

गल्लीत तापाचे चार पेशंट दिसले की साथ आली म्हणायचं का?

आकड्यावरून ठरत नाही. त्या जागी, त्या दिवसांत एरवी जेवढे रुग्ण असतात त्यापेक्षा ठळकपणे जास्त दिसले तर साथ. ऑगस्टमध्ये सर्दी-तापाचे चार रुग्ण म्हणजे काहीच नाही. पण एकाच विहिरीचं पाणी पिणाऱ्या चार घरांत एका रात्रीत जुलाब सुरू झाले तर ती साथच समजायची आणि सकाळची वाट न पाहता कळवायचं. पोलिओचा तर आज एक रुग्ण निघाला तरी अख्खी यंत्रणा हलते.

आरोग्य कर्मचारी आले की आधी तीन गोष्टी विचारतात: कोण आजारी, कुठे राहतात, कधीपासून. लोक वैतागतात, "आधी औषध द्या, मग चौकशा करा." पण या चौकशीतच साथीचा उगम सापडतो. 1854 साली लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टरने कॉलराच्या मृत्यूंची ठिकाणं नकाशावर मांडली आणि ब्रॉड स्ट्रीटच्या एका हातपंपाकडे बोट दाखवलं. कॉलऱ्याचा जंतू तेव्हा वैद्यकाला मान्यही नव्हता. जंतू माहीत नसला तरी त्याची वाट सापडते, आणि बऱ्याचदा तेवढं पुरतं.

रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो तो नेमका कसा?

सगळी गंमत इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

प्रत्येक जंतूची शरीराबाहेर पडायची एक जागा असते, पुढच्या माणसापर्यंत पोचायचं एक साधन असतं आणि आत शिरायचं एक दार असतं. कॉलरा विष्ठेतून बाहेर पडतो, पाण्यातून किंवा अन्नातून जातो, तोंडावाटे शिरतो. टीबी खोकल्यातून हवेत येतो आणि श्वासातून आत जातो. डेंग्यूचा विषाणू रक्तात असतो. त्याला बाहेर पडायला आणि आत शिरायला डासाची सोंड लागते. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदराच्या, कधी गुराढोरांच्या किंवा कुत्र्याच्या लघवीतून पाण्यात किंवा चिखलात येतात आणि आपल्या कातडीवरच्या जखमेतून किंवा डोळ्या-तोंडाच्या नाजूक त्वचेतून आत जातात. रेबीज चाव्यातून. हिपॅटायटिस बी रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला.

ही वाट एका जागी तुटली की पुढचा माणूस वाचतो. जंतू मरायलाच हवा असं नाही. मच्छरदाणीने एकही विषाणू मरत नाही, तरी डेंग्यू थांबतो. उलट वाट चुकीची ओळखली की कितीही घाम गाळला तरी उपयोग शून्य. टीबीच्या रुग्णाचं ताट-वाटी वेगळी ठेवणारी आणि खोलीची खिडकी मात्र बंद ठेवणारी घरं आजही आहेत. ताट-वाटीतून टीबी पसरत नाही, बंद खोलीतल्या हवेतून पसरतो.

डेंग्यूचा पेशंट निघाला की धुराची गाडी येते. तरी रुग्ण वाढतातच. का?

धुराने मरतो तो त्या क्षणी उडत असलेला डास, आणि तोही धूर पोचला तिथलाच. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरात पडद्यामागे, कपाटाखाली, टांगलेल्या कपड्यांत बसतो. गाडी रस्त्यावरून जाते आणि आपण दारं-खिडक्या लावून घेतो. पिंपातल्या अळ्यांना त्या धुराचं काही सोयरसुतक नसतं. त्यांचे दोन-चार दिवसांत नवे डास होतात. साथ पेटलेली असताना धुरळणीला थोडा अर्थ आहे, पण ती दिसते म्हणून तिची मागणी होते आणि मागणी होते म्हणून ती केली जाते, असं माझं स्पष्ट मत आहे. घरोघर फिरून पिंपं रिकामी करायला लावणाऱ्या आशाताई कुणाच्या फोटोत येत नाहीत. डेंग्यू कमी होतो तो त्यांच्यामुळे.

मग घरात नेमकं पाहायचं कुठे?

एडिसला तुलनेने स्वच्छ, साठलेलं पाणी लागतं. वाहत्या किंवा घाण गटारात तो सहसा अंडी घालत नाही. तिथे होतो तो क्युलेक्स, हत्तीरोगवाला. गटार तुंबल्याची तक्रार जरूर करा, पण डेंग्यूचं खापर त्याच्यावर फोडू नका.

टॉर्च घ्या आणि भर दिवसासुद्धा पाण्यावर तिरपा उजेड टाका. अळ्या डोकं खाली करून पृष्ठभागाला लटकलेल्या दिसतील. सावली पडली की वळवळत तळाशी जातात, थोड्या वेळाने श्वास घ्यायला परत वर येतात. शोधायच्या जागा: फ्रिजच्या मागचा ट्रे (हा जवळजवळ प्रत्येक घरात राहून जातो), कूलर, मनीप्लँटची बाटली, कुंडीखालची ताटली, गच्चीवरच्या टाकीचं अर्धवट झाकण, वापरात नसलेल्या संडासाची टाकी, पत्र्यावर टाकलेल्या ताडपत्रीच्या घड्या, पंक्चरवाल्याकडचे टायर, बांधकामावरची लिफ्टची विहीर. गावाकडे रांजण, हौद, जनावरांच्या पाण्याची टाकी आणि नारळाच्या करवंट्या.

अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक "कोरडा दिवस" पाळायचा: भांडी रिकामी करायची आणि आतून घासायची. नुसतं ओतून चालत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात. पुन्हा पाणी भरलं की फुटतात. जो हौद रिकामा करणं शक्यच नाही त्यात गप्पी मासे सोडा. मलेरिया कार्यालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ते फुकट मिळतात.

डेंग्यूच्या रुग्णाला वेगळं ठेवायचं का?

माणसांपासून नाही, डासांपासून. ताप चढायच्या जरा आधीपासून ते ताप असेपर्यंत रुग्णाच्या रक्तात विषाणू असतो. त्या काळात चावलेला डास आठ-बारा दिवसांनी स्वतः रोग पसरवू लागतो आणि मरेपर्यंत पसरवत राहतो. एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळच्या आधी जास्त. म्हणून रुग्ण दुपारी पडून असेल तेव्हाही मच्छरदाणी लावा. मच्छरदाणी रात्रीची वस्तू, ही सवय मलेरियाच्या काळातली आहे. मलेरियाचा अॅनोफिलिस रात्री चावतो.

प्लेटलेट कमी झाल्या की लगेच चढवायच्या? पपईच्या पानांचा रस?

बहुतेक रुग्णांना प्लेटलेट चढवाव्या लागत नाहीत. खरा धोका ताप उतरल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत असतो, नेमकं तेव्हाच घरचे निर्धास्त होतात. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, खूप सुस्ती, लघवी कमी, हात-पाय गार पडणं: यातलं एकही दिसलं तर आकडा काहीही असो, दवाखाना गाठा. तापाला पॅरासिटामॉल. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन टाळा, रक्तस्रावाचा धोका वाढतो. पपईच्या रसाच्या भरवशावर दवाखाना लांबवू नका.

नळाचं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं. तरी गॅस्ट्रो कसा झाला?

जंतू दिसत नाहीत. पाइप फुटला, शेजारून गटार जात असेल आणि पाणी दिवसातून तासभरच येत असेल तर बाकीचे तेवीस तास पाइपात दाब नसतो. मग बाहेरची घाण फटीतून आत ओढली जाते. पाणी आल्याआल्या पहिली बादली पिण्यासाठी भरू नये ते याचसाठी. पाणी मुबलक असलेल्या गावापेक्षा टंचाईच्या गावात गॅस्ट्रोची भीती जास्त, यामागे हेही एक कारण आहे.

यावरचा उपाय क्लोरीन. गावात जलसुरक्षक टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर विहिरीत किंवा टाकीत टाकतो. 1000 लिटरला चांगल्या प्रतीची साधारण अडीच ग्रॅम पावडर लागते आणि त्यानंतर किमान अर्धा तास थांबावं लागतं. पण पावडर टाकली म्हणजे काम झालं असं नाही. ओलाव्यात, उघड्या पोत्यात ठेवलेल्या टीसीएलमधला क्लोरीन उडून जातो आणि उरतो तो चुना. म्हणून ओटी टेस्ट करतात: काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पिवळी झाक आली की क्लोरीन आहे. ही तपासणी टाकीपाशी करून भागत नाही, नळाच्या शेवटच्या घरी करायची. तिथे लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा, साथीच्या दिवसांत 0.5. ग्रामसभेत शेवटच्या घरच्या ओटी टेस्टची वही मागा. प्रत्येक नागरिकाला तेवढा हक्क आहे.

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी भागांत गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले तेव्हा लोकांनी रुग्णांजवळ जायचं सोडलं. तो सिंड्रोम एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते आणि पायांपासून अशक्तपणा चढत जातो. बऱ्याचदा ते आधी होऊन गेलेल्या पोटाच्या संसर्गानंतर होतं. पुण्यात कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी या जिवाणूचं नाव पुढे आलं. म्हणजे अडवायचं होतं ते पाण्यात आणि कच्च्या-अर्धकच्च्या अन्नात, रुग्णाच्या दारात नव्हे.

तुरटी फिरवली तर चालेल ना?

तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. आधी तुरटी, मग गाळणं, मग क्लोरीनचे थेंब किंवा खळखळून उकळी. आणि ते पाणी अरुंद तोंडाच्या किंवा तोटीच्या भांड्यात. माठात हात बुडवून पेला भरला की सगळी मेहनत वाया.

जुलाब लागले की सलाइन लावलेलं बरं, नाही का?

नाही. ओआरएस पिऊन टिकत असेल तर सलाइनची गरज नाही. आपल्याकडे "दोन बाटल्या चढवल्या, मग बरं वाटलं" हे इतकं पक्कं बसलंय की साध्या पाकिटावर कुणाचा विश्वास बसत नाही. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं, तेव्हा कोलकात्याचे डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचं मिश्रण पाण्यात कालवून ड्रममधून द्यायला लावलं. पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांनी केलं. तिथला मृत्युदर सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आला.

पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घ्या. मोठं पाकीट एक लिटरला असतं. ते पेलाभर पाण्यात कालवून लहान मुलाला देणं धोक्याचं आहे, कारण मिठाचं प्रमाण फार वाढतं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ओतून द्या आणि नव्याने करा. घोट घोट पाजा, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. केलेलं पाणी 24 तासांत संपवा. मुलांना ओआरएससोबत झिंकच्या गोळ्या 14 दिवस देतात. जुलाब थांबले तरी मधेच सोडायच्या नाहीत. अंगावरचं दूध आणि जेवण चालू ठेवा. मूल मलूल झालं, डोळे खोल गेले, पिऊच शकत नसेल, तर मात्र सलाइनसाठी धावा.

कावीळ झाली त्या आठवड्यात आम्ही बाहेरचं काहीच खाल्लं नव्हतं. मग कुठून आली?

कारण त्या आठवड्यात शोधू नका. हिपॅटायटिस ए आणि ई शरीरात शिरल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत दोन ते आठ आठवडे सहज जातात. जंतू शिरणं आणि लक्षण दिसणं यांच्यामधल्या या काळाला अधिशयन काळ म्हणतात. कॉलऱ्यात तो काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत, डेंग्यूत चार ते दहा दिवस, गोवरात दहा-चौदा दिवस. 2012 साली इचलकरंजीत पाण्यातून हिपॅटायटिस ईची मोठी साथ आली. अशा साथीत पाणी शुद्ध केलं तरी पुढचे काही आठवडे नवे रुग्ण निघतच राहतात आणि लोक म्हणतात, उपाय फसला. फसलेला नसतो. ते रुग्ण आधीच्या पाण्याचे असतात. हिपॅटायटिस ई गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकतो, तिने एक दिवसही अंगावर काढू नये.

पावसात गुडघाभर पाण्यातून चालत आलो. गोळी घ्यावी का?

पायाला जखम, खरचटलेलं किंवा भेगा असतील तर डॉक्टरांना जरूर विचारा. लेप्टोस्पायरोसिस टाळायला डॉक्सिसायक्लिन दिलं जातं, पण गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठी निर्णय वेगळा असतो. मेडिकलमधून आपल्या मनाने घेऊ नका. घरी आल्याबरोबर पाय साबणाने धुऊन कोरडे करा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोचे रुग्ण वाढले. कोकणात भातलावणीच्या दिवसांत चिखलात अनवाणी उभं राहणाऱ्यांना हाच धोका. पाण्यात उतरल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणं आणि डोळे लाल, असं झालं तर डॉक्टरांना "पाण्यात उतरलो होतो" हे आधी सांगा. या एका वाक्याने निदान दोन दिवस लवकर होतं, आणि लेप्टोत दोन दिवस फार असतात.

दोडामार्गकडे माकडताप म्हणतात तो माकडापासून होतो का?

माकड स्वतःच त्यात मरतं. रोग पसरवते ती गोचीड. 1957 साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात हा विषाणू सापडला. गेल्या दशकात गोव्यातली सत्तरी आणि सिंधुदुर्गातला दोडामार्ग, सावंतवाडी भाग त्याच्या टप्प्यात आला. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली पाचोळ्यात उतरतात आणि काजू गोळा करायला, लाकूडफाट्याला आलेल्या माणसाला चिकटतात. हंगाम साधारण जानेवारी ते मे, नेमका काजूचा. या रोगात माणसाकडून माणसाला लागण होत नाही.

रानात मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, काठीने ढकलू नका, जवळ फिरकू नका. वनखातं किंवा आरोग्य केंद्राला लगेच कळवा. माणसांत ताप सुरू व्हायच्या आधी मिळणारी ही सूचना असते. बागेत जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, विजार मोज्यात खोचा, आरोग्य केंद्रातून मिळणारं गोचीड-प्रतिबंधक तेल लावा. परतल्यावर अंगणातच कपडे उतरवून गरम पाण्यात टाका आणि काखा, जांघा, कानामागे तपासा.

आमच्या मुलाला गोवराची लस दिली आहे. शेजारच्याने दिली नाही, तर आम्हाला काय फरक पडतो?

पडतो. गोवर हवेतून जातो आणि रुग्ण खोलीतून गेल्यावरही जवळपास दोन तास हवेत राहू शकतो. कुणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत एक रुग्ण 12 ते 18 जणांना लागण करतो, म्हणून 95 टक्के लोक सुरक्षित असल्याशिवाय साखळी तुटत नाही. वर्गात साठ मुलं असतील आणि सहा जणांची लस राहिली असेल, तर गोवराला तेवढं पुष्कळ झालं. नऊ महिन्यांच्या आतलं बाळ, कॅन्सरचं औषध चालू असलेलं मूल यांना लस देता येत नाही. त्यांचं संरक्षण आजूबाजूच्यांनी दंडावर घेतलेल्या लसीवर अवलंबून असतं. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवर पेटला तो लस राहून गेलेल्या मुलांमध्ये. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा 16 ते 24 महिन्यांत. चुकला असेल तर "आता उशीर झाला" म्हणून सोडून देऊ नका, उपकेंद्रात विचारा.

घरात टीबीचा पेशंट आहे. मुलांना गावी पाठवू?

बहुतेक वेळा गरज नसते. योग्य औषध नेमाने सुरू झालं की साधारण दोन आठवड्यांत रुग्णाची लागण करण्याची ताकद खूप कमी होते. सगळ्यात जास्त प्रसार होतो तो निदान होण्याआधी, खोकल्याचं औषध बदलत काढलेल्या महिन्यांत. त्यामुळे दोन आठवड्यांवरच्या खोकल्याची बेडका तपासणी करा, सरकारी केंद्रात मोफत होते. घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या. ज्यांना आजार नाही त्यांना प्रतिबंधक औषध मिळतं. खिडक्या उघड्या ठेवा. सहा महिन्यांचा कोर्स मधे सोडला तर औषधाला दाद न देणारा टीबी होतो आणि तोही तसाच पसरतो. निक्षय पोषण योजनेत रुग्णाला महिन्याला 1000 रुपये मिळतात, बँक खातं नोंदवायला विसरू नका.

डोळे आलेल्याकडे पाहिलं की डोळे येतात?

नाही. काळा चष्मा उन्हाचा त्रास कमी करतो, लागण थांबवत नाही. डोळ्यांना लागलेला हात, रुमाल, टॉवेल, उशी आणि मोबाइल यांतून ती जाते. 2023 च्या पावसाळ्यात आळंदीत शेकडो मुलांचे डोळे आले, ती नजरेची नव्हे तर एकत्र राहण्यातली लागण होती.

सर्दी-तापाला अँटिबायोटिक घेतलं की लवकर बरं वाटतं ना?

विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. सर्दी पाच-सात दिवसांत जायचीच असते, श्रेय गोळीला मिळतं. उरलेली पट्टी शेजाऱ्याला देऊ नका.

लागण झालेल्याला सक्तीने उचलून वेगळं ठेवलं की साथ आटोक्यात येते, मग सरकार कडक का होत नाही?

हा प्रयोग इथेच झालेला आहे. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ते मूळचे गोव्याचे. पालिकेने गटारं समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक या जंतुनाशकाने धुतली, घरं रिकामी केली. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा आला. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालच्या गोऱ्या शिपायांनी घरात घुसून झडत्या घेतल्या, सामान जाळलं, माणसं छावण्यांत नेली. लोकांनी काय केलं? आजारी माणसं लपवली, प्रेतं लपवली आणि शहरं सोडून गावोगाव पळाले. प्लेग त्यांच्या सामानाबरोबर गेला. 22 जून 1897 ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, तो इतिहास सगळ्यांना पाठ आहे. त्यातला आरोग्याचा धडा मात्र पाठ्यपुस्तकात फारसा येत नाही.

एवढी दांडगाई चालू होती तेव्हा रोगाची वाट कुणाला ठाऊकच नव्हती. उंदरावरच्या पिसवांतून प्लेग जातो हे पॉल-लुई सिमॉन या फ्रेंच डॉक्टरने 1898 मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवलं, आणि पटायला आणखी काही वर्षं गेली. गटारं धुतल्याने उंदीर घरांत शिरले असतील, हेच जास्त संभवतं. त्याच धामधुमीत जानेवारी 1897 मध्ये वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. आणि पुण्यात आजाऱ्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले 10 मार्च 1897 ला प्लेगनेच गेल्या.

1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि नंतर सुरतेत प्लेगचे रुग्ण निघाले. सुरतेहून पुन्हा लाखो लोक पळाले. विलगीकरण लागतं, त्याला पर्याय नाही. पण रोजंदारी बुडाली तर घरी शिधा मिळेल, दवाखान्यात नातेवाइकाला भेटता येईल, वस्तीत बदनामी होणार नाही, एवढी खात्री असेल तरच माणूस "मला ताप आहे" असं आपणहून सांगतो. 2020 मध्ये धारावीत जेमतेम अडीच चौरस किलोमीटरमध्ये लाखो लोक असताना शाळा-सभागृहांत विलगीकरण, घरोघर तपासणी आणि खासगी डॉक्टरांची साथ यांवर काम झालं. त्यातही कोविडची एक अडचण होती: लक्षणं दिसायच्या आधीच तो पसरतो. 2003 चा सार्स आजारी पडल्यानंतर पसरायचा, म्हणून रुग्ण शोधून वेगळे करून तो संपवता आला. कोविडला तेवढ्याने दाद दिली नाही. कडकपणा किती, हे रोग पाहून ठरवावं लागतं.

एखादा रोग कायमचा घालवता येतो का?

देवीचा गेला. भारतातला शेवटचा रुग्ण 1975 मधला आणि जगातून उच्चाटन जाहीर झालं 1980 मध्ये. तिथे लस होती, आणि शेवटच्या टप्प्यात सरसकट टोचण्यापेक्षा प्रत्येक रुग्ण शोधून त्याच्याभोवतीच्या सगळ्यांना टोचण्यावर जोर होता. पोलिओचा भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावड्याला.

मला मात्र नारूचं उदाहरण जास्त मोलाचं वाटतं, कारण त्यावर ना लस होती ना औषध. गावाकडच्या आजी-आजोबांना विचारा. पायावर फोड यायचा, फुटायचा आणि त्यातून दोऱ्यासारखा पांढरा जंत बाहेर यायचा, कधी हात-दीड हात, कधी त्याहून लांब. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला तर पाय सुजून माणूस महिनाभर खाटेवर. आग शमावी म्हणून माणूस पायविहिरीत उतरून पाय पाण्यात बुडवायचा, आणि तेवढ्यात जंत हजारो पिल्लं पाण्यात सोडायचा. ती एका बारीक जलपिसूच्या पोटात जायची. ते पाणी प्यायलेल्या माणसाच्या पायातून साधारण वर्षभराने पुढचा नारू निघायचा.

महाराष्ट्रासह सात राज्यांत हा रोग होता. उपाय काय केले? पायविहिरींच्या पायऱ्या बुजवून कठडे बांधले, रहाट बसवले, हातपंप खोदले, पाणी दाट कापडाने गाळून प्यायला शिकवलं आणि जखमी पाय पाण्यात घालू दिला नाही. देशातला शेवटचा रुग्ण 1996 मध्ये राजस्थानात सापडला आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.

प्रत्येक रोगाला हे जमणार नाही. देवी, पोलिओ, नारू हे माणसावर तगणारे. लेप्टोचे जंतू उंदरांत आणि माकडतापाचा विषाणू रानात राहतो. तिथे उच्चाटन नाही, फक्त पहारा.

साथीचा संशय आला तर कुणाला आणि काय कळवायचं?

गावात आशाताई, उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र. शहरात वॉर्डाचं आरोग्य कार्यालय. सल्ल्यासाठी 104, रुग्णवाहिकेसाठी 108. फोनवर नुसतं "लय लोक आजारी आहेत" म्हणू नका. किती जण, कोणत्या आळीत, पहिला रुग्ण कोणत्या दिवशी, लक्षणं काय, लग्न-जत्रा-भंडारा झाला होता का, पाणी कुठलं पितात, हे सांगा. पंगतीतलं उरलेलं अन्न आणि त्या दिवशीचं पाणी फेकू नका, झाकून वेगळं ठेवा, तपासणीला लागतं. तोवर त्या विहिरीचं किंवा टाकीचं पाणी पिणं बंद करा.